पुण्यातून डीप टेक्नोचं लेबल: पहिल्या डेमोपासून हिशेबाच्या वहीपर्यंत

डीप, संमोहक टेक्नो किंवा हाऊस या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचं लेबल, म्हणजे ते प्रसिद्ध करून विकणारी छोटी संस्था, काढणं म्हणजे हळू खपणाऱ्या मालाचं दुकान मांडणं. हे संगीत पहिल्या आठवड्यात गाजत नाही. आठ महिन्यांनी कुणी डीजे ते पहाटे तीनला वाजवतो, समोरचे दोघं-तिघं ट्रॅकचं नाव शोधतात आणि तेव्हा कुठे प्रती हलू लागतात. बर्लिनच्या बेसिक चॅनल या लेबलनं १९९३ पासून पुढच्या काही वर्षांत मोजक्याच बारा-इंची तबकड्या काढल्या. कलाकाराचं नाव मुखपृष्ठावर धड वाचताही यायचं नाही, पण त्या तबकड्यांना आजही गिऱ्हाईक आहे. ते चालवणाऱ्या मॉरिट्झ फॉन ओस्वाल्ड आणि मार्क अर्नेस्टस यांनी तिथे घाई केली नाही आणि पसाराही वाढवला नाही.

पैसे किती घालायचे, करार किती वर्षांचा करायचा, प्रती किती छापायच्या, हे सगळं या संथ खपाला धरून ठरवायला हवं. नवी लेबलं बुडतात ती बहुधा इथेच: संगीत दहा वर्षं टिकणारं असतं आणि आखणी दहा आठवड्यांची. एका-दोघांनी नोकरी सांभाळून, स्वतःच्या बचतीतून पुण्यात असं लेबल कसं उभं करावं, ते पुढे क्रमानं दिलं आहे. बर्लिनमध्ये नसणं ही अडचण मानू नका. सेमँटिका हे लेबल माद्रिदमधून चालतं, म्यूल म्यूझिक टोकियोतून.

नाव आणि क्रमांक

नाव ठरवण्याआधी ते तीन ठिकाणी शोधा: डिस्कॉग्स (ध्वनिमुद्रिकांची ऑनलाइन सूची), बँडकॅम्प (कलाकार आणि लेबलं थेट संगीत विकतात ते संकेतस्थळ) आणि ट्रेडमार्कची सरकारी नोंदवही. ट्रेडमार्क घ्यायचाच असेल तर वर्ग ९ (ध्वनिमुद्रणं) आणि वर्ग ४१ (मनोरंजन) लागतात. व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची फी प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये आहे. तीन-चार रिलीज होईपर्यंत हा खर्च लांबवला तरी चालतो.

कॅटलॉग क्रमांक मात्र पहिल्या दिवशी ठरवा. तीन-चार अक्षरं आणि ००१ पासून पुढे आकडे, एवढं पुरे. एकदा दिलेला क्रमांक रिलीज रद्द झालं तरी दुसऱ्याला देऊ नका. फाइलचं नाव, करार, पावती, तबकडीच्या आतल्या कडेवरची कोरीव खूण, सगळीकडे हाच क्रमांक लागतो. पाच वर्षांनी एखादं मास्टर शोधायची वेळ आली की तोच कामाला येतो.

डेमो ऐकताना

लेबलची ओळख तुम्ही काय काढता यापेक्षा काय नाकारता यावर ठरते, म्हणून इथे वेळ घालवा. डेमो, म्हणजे कलाकारानं ऐकायला पाठवलेला ट्रॅक, किमान सहा मिनिटं, फोन बाजूला ठेवून ऐका. या संगीतात चौथ्या मिनिटाला कान काय पकडतो ते महत्त्वाचं, आणि पहिल्या तीस सेकंदांत ते कळत नाही.

संमोहन येतं कुठून, हे कानाला नेमकं माहीत असलं पाहिजे. एक मार्ग म्हणजे असमान लांबीचे फेरे. किक, म्हणजे ड्रमचा खालचा मूळ ठोका, १६ पायऱ्यांच्या मापात (चार ठोक्यांच्या आवर्तनात) चालते. तिच्यावर ५ पायऱ्यांचा एक छोटा सूर ठेवला तर दोघं समेवर भेटतात ८० पायऱ्यांनी, म्हणजे ५ मापांनी. त्यात ७ पायऱ्यांचा तिसरा थर घातला की तिघांची सम येते ५६० पायऱ्यांनी, म्हणजे ३५ मापांनी. १२६ बीपीएमला (मिनिटाला १२६ ठोके) हे साधारण ६७ सेकंद होतात. ऐकणाऱ्याला सारखं काहीतरी बदलतंय असं वाटतं, पण नवीन काहीच आलेलं नसतं. तालाच्या आवर्तनांवर वाढलेल्या कानांना हे लगेच उमगतं. दुसरा मार्ग आहे फिल्टर (आवाजातला काही भाग गाळणारं साधन) ३२ किंवा ६४ मापांत इतक्या हळू उघडायचा, की तो उघडला हे उघडल्यावरच कळावं.

नाकारण्याची कारणंही ठरलेली असू देत. दर १६ मापांनी ब्रेकडाउन (किक थांबवणं) आणि लगेच किक परत, असं असेल तर तो ट्रॅक चांगला असूनही तुमच्या लेबलचा नसेल. डिलेचा (प्रतिध्वनीच्या इफेक्टचा) परतावा न गाळता सोडलेला असला की २०० ते ४०० हर्ट्झमध्ये गाळ साचतो. हे दुरुस्त होतं, तसं कलाकाराला कळवा. आणि केवळ आपण भारतातले म्हणून टेक्नोवर तानपुरा चिकटवलेला असेल तर सरळ नाही म्हणा. तानपुऱ्याचा षड्ज ट्रॅकच्या बेसशी जुळवलेला नसेल तर तो नुसता वरवरचा रंग राहतो. जुळवलेला असेल तर गोष्ट वेगळी, मग जरूर ऐका.

नाही कळवायचं असलं तरी दोन आठवड्यांत कळवा. पुण्यात हे वर्तुळ लहान आहे, आणि आज नकार दिलेला कलाकारच दोन वर्षांनी तुमचं तिसरं रिलीज घेऊन येऊ शकतो.

पुण्यातली दहा बाय अकराची खोली

इथले बहुतेक डेमो आरसीसी फ्लॅटच्या बेडरूममध्ये तयार होतात, आणि त्या खोलीचं गणित टेक्नोच्या मुळावर येतं. समोरासमोरच्या दोन भिंतींत घुमणारा सर्वांत खालचा सूर काढायचा तर ध्वनीच्या वेगाला (सेकंदाला ३४३ मीटर) अंतराच्या दुपटीनं भागा. ११ फूट म्हणजे ३.३५ मीटर, उत्तर येतं ५१ हर्ट्झ. १० फुटांना ५६ हर्ट्झ. टेक्नोच्या किकचा मूळ सूर बहुतेक वेळा याच पट्ट्यात असतो.

परिणाम असा, की खोलीच्या मधोमध बसलं तर किक पातळ वाटते. कलाकार ती वाढवतो आणि मग क्लबमध्ये तोच ट्रॅक नुसता गुरगुरतो. भिंतीला टेकून बसणाऱ्याचं उलट होतं. भिंतीवर चिकटवलेला दोन इंची फोम ५० हर्ट्झला काहीच करत नाही, त्यासाठी कोपऱ्यांत जाड रॉकवूल लागतं. सगळ्यांना ते परवडत नाही, म्हणून चार तपासण्या करायला सांगा: चांगल्या बंद हेडफोनवर बेस ऐकणं, त्याच किकचा एखादा प्रसिद्ध ट्रॅक शेजारी ठेवून तुलना करणं, सगळं मोनो करून (डावी-उजवी बाजू एकत्र करून) पाहणं आणि स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर ४० ते ६० हर्ट्झचा उंचवटा बघणं. मोनो करताच बेस गायब झाला तर डावी-उजवी बाजू एकमेकींना खोडते आहे. असा ट्रॅक पुढे पाठवू नका.

मास्टरिंग

मास्टरिंगला, म्हणजे प्रसिद्धीआधी आवाजाची अंतिम जुळणी करायला, फाइल द्यायची ती २४-बिट वेव्ह, ज्या सँपल रेटवर काम झालं त्याच रेटवर, सर्वोच्च शिखर उणे ६ ते उणे ३ डेसिबलच्या दरम्यान, मास्टरवरचा लिमिटर (आवाजाची शिखरं दाबणारं साधन) काढून. लिमिटर लावलेली प्रत वेगळी जोडा म्हणजे कलाकाराच्या मनात काय होतं ते इंजिनिअरला कळतं. सुरुवातीला आणि शेवटी दोन सेकंद मोकळे ठेवा, रिव्हर्बची शेपटी कापली जाण्याची चूक फार होते.

परत येणारं डिजिटल मास्टर ट्रू पीक (आवाजाचं खरं सर्वोच्च शिखर) उणे १ डेसिबलपर्यंत असावं. स्पॉटिफाय आवाजाची पातळी उणे १४ लफ्सच्या (ऐकू येणाऱ्या जोराचं एकक) आसपास आणून वाजवतं, त्यामुळे जोरात दाबलेलं मास्टर तिथे उलट खाली आणलं जातं. डीजेसाठी थोडा जोर हवाच, पण या संगीताचा जीव किक आणि पोकळी यांच्यातल्या अंतरात असतो. उणे ११ ते उणे ९ लफ्स पुरेसं आहे, आणि कलाकारानं आणखी दाबायचा आग्रह धरला तरी लेबलनं इथे ठाम राहावं. विनाइलसाठी (तबकडीसाठी) वेगळं, जवळजवळ लिमिटरविरहित मास्टर त्याच वेळी मागून घ्या. नंतर मागितलं तर पुन्हा पैसे पडतात.

करार

मित्राचा ट्रॅक असला तरी करार लेखी करा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ मध्ये तीन गोष्टी अशा आहेत, ज्या न लिहिल्यानं लेबलांचं नुकसान होतं. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो, म्हणजे बर्लिनच्या दुकानात प्रत विकण्याचा हक्क तुमच्याकडे आहे का, हाच प्रश्न उभा राहतो. आणि मिळालेला हक्क एका वर्षात वापरला नाही तर, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर, तो संपतो.

एका संगीतात हक्क दोन असतात. रचना संगीतकाराची आणि तिचं ध्वनिमुद्रण वेगळं. घरी बनवलेल्या टेक्नो ट्रॅकमध्ये दोन्ही सहसा एकाच माणसाकडे असतात. छोट्या लेबलला ध्वनिमुद्रणाचा परवाना पुरतो, मालकी मागायचं कारण नाही. रचनेचा हक्क कलाकाराकडे राहू द्या आणि त्याला आयपीआरएस या संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासद व्हायला सांगा. नुसतं वाद्यसंगीत असलं तरी तो संगीतकारच असतो. २०१२ च्या दुरुस्तीनं चित्रपट आणि ध्वनिमुद्रणांत वापरल्या जाणाऱ्या रचनेच्या रॉयल्टीतला संगीतकाराचा समान वाटा त्याला सोडून देता येत नाही, म्हणून "सर्व हक्क सोडत आहे" अशी इंटरनेटवरून उचललेली वाक्यं करारात घालू नका.

दोन पानांत बसणारा करार असा: ट्रॅकची नावं आणि लांबी, अनन्य परवाना, संपूर्ण जगासाठी, ७ वर्षं, डिजिटल आणि विनाइलचा वेगवेगळा उल्लेख, १२ महिन्यांत रिलीज झालं नाही तर हक्क आपोआप परत, खर्च वसूल झाल्यावर निव्वळ उत्पन्न निम्मं-निम्मं, दर सहा महिन्यांनी हिशेब, उत्पन्न शून्य असलं तरी, मुदत संपल्यावर उरलेल्या तबकड्या विकायला सहा महिने. कोणता खर्च आधी वजा होणार त्याची यादी जोडा. मास्टरिंग, मुखपृष्ठ आणि छपाई त्यात येतात. लेबलच्या माणसाचं प्रवासभाडं येत नाही. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून असे करार १०० ऐवजी ५०० रुपयांच्या मुद्रांकावर करावे लागतात.

कलाकाराकडून एक लेखी हमी घ्या, की सगळं ध्वनी-साहित्य त्याचं आहे किंवा परवान्याचं आहे. जुन्या हिंदी गाण्याचा तुकडा, कीर्तनकाराचा यूट्यूबवरून घेतलेला आवाज, तबलजीनं मैत्रीत वाजवलेले बोल, हे सगळं पुढे अडतं. ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट ६० वर्षं चालतो आणि वादकाचा, गायकाचा स्वतंत्र हक्क असतो. तबलजीची सही एका कागदावर घेतली की काम भागतं.

डिजिटल रिलीज आणि पैसे

प्रत्येक ट्रॅकला १२ अक्षरांचा आयएसआरसी, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा ओळख-संकेत, लागतो. वितरक (संगीत ऑनलाइन दुकानांत पोचवणाऱ्या कंपन्या) तो फुकट देतात. स्वतःचा हवा असेल तर भारतात तो इंडियन म्युझिक इंडस्ट्री या संस्थेकडून मिळतो. एकदा लागलेला संकेत वितरक बदलला तरी तोच ठेवा, नाहीतर आधीचे स्ट्रीम नव्या नोंदीशी जोडले जात नाहीत.

वितरक सहसा उत्पन्नाच्या १५ ते ३० टक्के घेतो. सही करण्याआधी बाहेर पडण्याची नोटीस किती महिन्यांची आहे ते पाहा. बीटपोर्ट या डीजेंच्या ऑनलाइन दुकानात वर्ग निवडताना "टेक्नो (रॉ/डीप/हिप्नॉटिक)" निवडा. नुसत्या "पीक टाइम" वर्गात गेलात तर तुमचा ऐकणारा तिथे नसतो. स्पॉटिफायच्या संपादकांकडे ट्रॅक पाठवायचा तर रिलीजच्या किमान सात दिवस आधी, खरं तर तीन आठवडे आधी. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत १,००० वेळा न ऐकलेल्या ट्रॅकला रॉयल्टी मिळत नाही, म्हणून स्ट्रीमिंगचं उत्पन्न अंदाजपत्रकात शून्य धरा.

खरे पैसे बँडकॅम्पवर येतात. तिथे डिजिटलवर १५ टक्के आणि वस्तूंवर १० टक्के कपात आहे, पेमेंटचा खर्च वेगळा. लेबलसाठीच्या मासिक योजनेची सुरुवातीला गरज नाही. साध्या फुकट खात्यावर प्रत्येक ट्रॅकला कलाकाराचं वेगळं नाव देता येतं. मुखपृष्ठ ३,००० बाय ३,००० पिक्सेलचं करून ठेवा, सगळीकडे चालतं.

पैसे पेपालमधून येतात. भारतातल्या खात्यात आलेली परकीय रक्कम तिथे साठवून खरेदीला वापरता येत नाही, ती बँकेत उतरते. त्यामुळे परदेशी इंजिनिअरचं बिल त्याच शिलकीतून भागवण्याचा बेत करू नका. ते बँकेतून पाठवावं लागतं आणि त्यावर कर कापायचा का, हे आधी सीएला विचारावं. परकीय रकमेचे दाखले दर महिन्याला उतरवून ठेवा.

समजा, चार ट्रॅकच्या ईपीला मास्टरिंगचे १२,०००, मुखपृष्ठाचे ६,००० आणि किरकोळ २,००० असे २०,००० रुपये लागले, आणि ६ युरो किमतीतून सगळी कपात होऊन हातात ४०० रुपये आले. मग ५० प्रतींवर खर्च निघतो. या संगीताला ५० प्रती वर्षभरात जाणं शक्य आहे, एका महिन्यात जाण्याची अपेक्षा धरू नका.

विनाइल, पण दुसऱ्या-तिसऱ्या रिलीजपासून

लाकर (खोबण कोरलेली पहिली तबकडी) कापणं, धातूचे साचे आणि टेस्ट प्रेसिंग (तपासणीच्या प्रती) यांचा खर्च १०० प्रतींना जेवढा तेवढाच ५०० ला. त्यामुळे जास्त छापलं की प्रत स्वस्त पडते, आणि याच मोहात ३०० प्रती घरात येतात. बँडकॅम्पवर तुमच्या मागच्या रिलीजच्या ६० प्रती गेल्या असतील तर १०० ते १५० च छापा. मुंबई परिसरात आता पुन्हा प्रेसिंगची सोय झाली आहे. युरोपात छापलंत तर बहुतेक साठा तिथल्या वितरकाकडेच ठेवा आणि इथे ४०-५० आणा, कारण आयातशुल्क भरून आणलेली प्रत पुन्हा जर्मनीला पाठवण्यात काही उरत नाही.

बाजूची लांबी आधी ठरवा. ४५ च्या वेगात (मिनिटाला ४५ फेरे) एका बाजूला १० मिनिटांपर्यंत, ३३ च्या वेगात १४-१५ मिनिटांपर्यंत आवाज भरदार राहतो. बेसचे खोबण रुंद लागतात, लांबी वाढली की आवाज कमी करावा लागतो. ३३ ला बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटीमीटर खोबण जातं, आतल्या कडेला फक्त २१. म्हणून आत हाय-हॅट (झांजेसारखे तीक्ष्ण आवाज) चरचरतात. दोन ट्रॅक असतील तर तीक्ष्ण हाय-हॅटचा बाहेर, मऊ, घुमणाऱ्या डबचा आत. १५० हर्ट्झच्या खाली सगळं मोनो, नाहीतर सुई उडते.

टेस्ट प्रेसिंग दोन वेगवेगळ्या प्लेअरवर, पूर्ण, दोन्ही बाजू ऐका. एकाच प्रतीत टकटक आली तर ती त्या प्रतीची, सगळ्यांत त्याच जागी आली तर साच्याची. साच्याची असेल तर मंजुरी देऊ नका.

मुखपृष्ठाचा खर्च वाचवायचा चांगला, जुना मार्ग म्हणजे साधं काळं कव्हर आणि पांढऱ्या लेबलवर हातानं मारलेला रबरी शिक्का. कितीतरी हाऊस लेबलं अशीच सुरू झाली. मधलं लेबल १०० मिलिमीटर व्यासाचं असतं. शिक्का ६५-७० मिलिमीटरचा करा, म्हणजे हात थोडा हलला तरी अक्षरं कडेबाहेर जात नाहीत. अक्षर २ मिलिमीटरपेक्षा बारीक नको, रबरात भरतं. पेठांमध्ये शिक्के करणारी दुकानं पुष्कळ आहेत. नेताना कोरं लेबल असलेली एक जुनी तबकडी सोबत न्या आणि तिथेच मारून बघा. लेबलचा कागद गुळगुळीत असेल तर साधी पॅडची शाई बोटाला लागते, लवकर सुकणारी शाई मागा. जुलै-ऑगस्टमध्ये हे काम काढू नका. दमट हवेत शाई रात्रभर ओली राहते आणि एकावर एक ठेवलेल्या तबकड्यांवर तिची उलटी छाप उमटते.

साठा टॉप फ्लोअरच्या माळ्यावर ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये गच्चीच्या स्लॅबखालची उष्णता तबकडी वाकवते. उभ्या ठेवा, भिंतीपासून हातभर दूर, सिलिका जेलच्या पुड्या घालून. पावसाळ्यात कव्हरना बुरशी आणि कसर दोन्ही लागतात. कुरियर करताना तबकडी कव्हरमधून काढून आतल्या पाकिटासह कव्हरच्या मागे ठेवा, नाहीतर प्रवासात तिची कड कव्हरची शिवण फाडते. परदेशी पाठवायला आयातदार-निर्यातदार संकेतांक लागतो, फी ५०० रुपये. टपाल खात्याच्या डाकघर निर्यात केंद्रातून पार्सल जातं.

कुणाला पाठवायचं

चारशे डीजेंना एकच ईमेल धाडण्यापेक्षा तीस जण निवडा, ज्यांच्या सेटमध्ये असं संगीत खरंच वाजतं. रिलीजच्या चार आठवडे आधी, तीन ओळी आणि वेव्हची खासगी लिंक. कोणता ट्रॅक त्यांना का पाठवला, ते एका वाक्यात लिहा. उत्तर आलं नाही तर एकदाच आठवण करा.

पुण्यात ऐकण्याची बैठक ठेवायची तर छोट्या बंद जागेत, तीस-चाळीस माणसांत, संध्याकाळी सहाला. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे, त्यामुळे रात्रीचा कार्यक्रम क्लबवर सोपवा. बैठकीला मोठ्या वूफरपेक्षा बरोबर जागी ठेवलेले दोन चांगले स्पीकर उपयोगी पडतात.

वही आणि संग्रह

लेबलसाठी वेगळं बँक खातं पहिल्या दिवशी उघडा. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंद) फुकट आहे. जीएसटी कधी लागू होतो ते सीएकडून एकदा लिहून घ्या. स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक क्रमांकाचं एक पान: खर्च, तारीख, विक्री, कलाकाराला दिलेली रक्कम. जानेवारी आणि जुलैमध्ये सगळ्यांना हिशेब पाठवा. तीनशे रुपये निघत असले तरी तीनशेच पाठवा. चांगला कलाकार दुसरा ट्रॅक देईल की नाही, हे बहुतेकदा याच ईमेलवर ठरतं.

प्रत्येक क्रमांकाच्या फोल्डरमध्ये मिक्स, दोन्ही मास्टर, थरांच्या स्वतंत्र फाइली, मुखपृष्ठाची मूळ फाइल, सही केलेला करार आणि आयएसआरसी ठेवा. दोन हार्ड डिस्क आणि एक क्लाउड, आणि दोन्ही डिस्क एकाच घरात नकोत. मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ साली टीबी-३०३ (बेस सिंथेसायझर) आणि टीआर-८०८ (ड्रम मशीन) यांवर राग ध्वनिमुद्रित केले, आणि त्याला जगभर ऐकणारे मिळाले ते २०१० मध्ये एका डच लेबलनं ते पुन्हा काढल्यावर. तुमच्या ००३ ची कुणी वीस वर्षांनी चौकशी केली तर मास्टर उघडलं पाहिजे आणि हक्क कुणाचा हे कागदावर दिसलं पाहिजे. वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुट्टीत, प्रत्येक फोल्डरमधली एक वेव्ह फाइल शेवटपर्यंत वाजवून बघा, आणि जी डिस्क अडखळली ती त्याच आठवड्यात बदला.